रुमालाची गाठ

नवरात्र संपले की आमच्या घरी माळा उतरविण्याचा कार्यक्रम असतो. जुन्या नाशकातले आमचे घर, अर्धे दुरुस्त केलेले आणि अर्धे तसेच राहिलेले. त्याच्या माळ्यावर काय काय आहे याची पुरती कल्पना घरात कोणालाच नाही. गेल्या वर्षी समयांच्या टोपलीमागून एक रुमाल निघाला. लाल खारव्याचा, धुळीने तपकिरी झालेला, गाठ मात्र शाबूत.

रुमाल म्हणजे खिशातला हातरुमाल नव्हे, हे वडीलधाऱ्या वाचकांना सांगावयास नको. घरातल्या मुलांसाठी सांगतो. चौकोनी जाड कापड पसरावयाचे, मधोमध कागद रचावयाचे, समोरासमोरची टोके एकमेकांवर आणून गाठ मारावयाची, की झाला रुमाल. या महाराष्ट्राचा दोन-अडीचशे वर्षांचा कारभार अशाच गाठींत बांधून ठेवलेला होता. १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि तिचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले ते रुमालांनिशी गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही ते हजारोंनी आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतले निवडक कागद वाचून १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत ‘पेशवे दप्तरा’चे पंचेचाळीस भाग छापून काढले. त्याच्या आधी राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडविले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून प्रसिद्ध करू लागले. राजवाड्यांना कागद दाखविण्यास नकार देणारे घरमालक पुष्कळ भेटले. पण गाठच सुटत नाही अशी अडचण त्यांना कोठे आल्याचे मी वाचलेले नाही. रुमालाची गाठ साऱ्यांना ठाऊक. ती मारणारा गेला तरी सोडणारा मिळतोच.

आमच्या रुमालात ऐंशीएक कागद होते. काही हिशेबाचे, काही पत्रे, सगळे मोडीत. माझे मोडीचे ज्ञान चार अक्षरे लागली की पाचव्यावर अडावयाचे. आमचे आतेबंधू इंदूरला असतात, ते मोडी सफाईने वाचतात. मूळ कागद टपालाने पाठविण्याचा धीर होईना. १९६९ च्या महापुराच्या वेळी हाच माळा होता म्हणून हे कागद वाचले असे घरात सांगतात. त्या कागदांना आता मी टपालाच्या थैलीत कोठे घालू? तेव्हा खिडकीच्या उजेडात एकेका कागदाचे फोनवर छायाचित्र घेतले आणि ती सगळी संगणकावर आणली. ऐंशी छायाचित्रे, म्हणजे ऐंशी फाइली. त्या एकत्र बांधून एक गाठोडे करावयाचे आणि ते इंदूरला पाठवावयाचे, एवढेच काम. माऊसचे उजवे बटण दाबले की जी यादी उघडते तीत त्याची सोय असते, हे आता शाळकरी मुलालाही माहीत आहे.

पण गाठोड्याने मला एकदा पुरते तोंडघशी पाडलेले होते, म्हणून मी थबकलो. ती हकीकत अशी. माझ्या एका कादंबरीची दहा प्रकरणे मी दहा फाइलींत लिहिली होती आणि त्यांना नावे दिली होती ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’, अशी शुद्ध मराठीत. आत प्रकरणाच्या डोक्यावर मी अंक घालीत नाही, नुसती फुली घालतो. ही दहा प्रकरणे झिप करून छापखान्याकडे धाडली. मुद्रिते आली ती पाहून मला घेरीच यावयाची राहिली. कादंबरीच्या आरंभीच नायकाचे वडील वारलेले, आणि पुढल्या प्रकरणात ते अंगणात बसून अडकित्त्याने सुपारी कातरताहेत! छापखान्यातल्या संगणकावर फाइलींची नावे भलत्याच लिपीत उमटली होती. बिचाऱ्या जुळणी करणाराने ती गाठोड्यात ज्या क्रमाने होती त्या क्रमाने लावली, आणि तो क्रम होता वर्णमालेचा: आठ, एक, चार, तीन, दहा, दोन, नऊ, पाच, सहा, सात. छापखान्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तरी नावे बदललीच कशी, हे मला कळेना, आणि त्या शोधात मी या गाठोड्यांच्या इतिहासात शिरलो.

आधी गाठीचे सांगतो. संगणकावर अनेक फाइली एकत्र बांधणारे जे प्रोग्रॅम आहेत त्यांतला फार जुना आणि अजून रोजच्या वापरात असलेला म्हणजे ‘टार’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो आला. नाव ‘टेप आर्काइव्ह’चे संक्षेप, म्हणजे चुंबकीय फितीवर दप्तर नेऊन ठेवणारा. त्याची रीत आपल्या दप्तरदारासारखीच आहे. प्रत्येक फाइलीच्या आधी पाचशे बारा बाइटांची एक चिठ्ठी: नाव काय, लांबी किती, मालक कोण, तारीख कोणती, आणि चिठ्ठीमागोमाग मजकूर. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा मजकूर. तो काही दाबीत नाही, चेपीत नाही, नुसते एकत्र बांधतो. त्या चिठ्ठीत नावासाठी जागा ठेवली होती शंभर बाइटांची. इंग्रजीला ती ऐसपैस. पण आज देवनागरीचे एक अक्षर, आणि काना-मात्रासुद्धा प्रत्येकी, तीन बाइट खाते. म्हणजे आमच्या वाट्याला तेहेतीस अक्षरे आली. पुढे ती मर्यादा निघाली, तरी परक्याच्या घरात जागा मागताना काय होते त्याचा हा नमुना.

झिपच्या चिठ्ठीत तर याहून गंमत. ती पद्धत ठरली तेव्हा नावे लिहावयाची ती आयबीएमच्या जुन्या यंत्राच्या दोनशे छप्पन्न चिन्हांत, असा संकेत होता. देवनागरीचे प्रत्येक अक्षर ज्या तीन बाइटांनी बनते त्यांतला पहिला बाइट त्या जुन्या कोष्टकात ग्रीक ‘अल्फा’ आहे आणि दुसरा डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश ‘एन’. म्हणून माझी दहाही प्रकरणे अल्फाने सुरू झाली! नावे युनिकोडमध्ये आहेत असे सांगणारी खूण झिपच्या पद्धतीत २००६ साली आली, आणि जुन्या यंत्रांवरचे प्रोग्रॅम तीकडे ढुंकूनही पाहत नसत.

आता चेपण्याची गोष्ट. माझे गणित मॅट्रिकपर्यंतचेच, पण हे समजावयास गणित लागत नाही. आजोबांची पत्रे वाचलेली असली की पुरे. ‘शि. सा. न. वि. वि.’ ही पाच अक्षरे पाहिली की वाचणारा मनातल्या मनात ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे सबंध वाचतो. राजमान्य राजश्रीचे ‘रा. रा.’, सौभाग्यवतीचे ‘सौ.’, चिरंजीवाचे ‘चि.’. जे शब्द पुन्हापुन्हा यावयाचे ते आखूड करावयाचे आणि क्वचित येणारे सबंध लिहावयाचे. कागद वाचतो, शाई वाचते, आणि अर्थातले अक्षरही हरवत नाही. हेच तत्त्व १९५१ साली अमेरिकेतील एमआयटीत डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याने गणिताने सिद्ध केले. त्याच्या प्राध्यापकांनी, रॉबर्ट फॅनो यांनी, वर्गाला सांगितले होते की परीक्षा द्या किंवा एक निबंध लिहून आणा. हफमनने निबंध पत्करला. विषय होता सर्वांत आखूड सांकेतिक लिपी शोधण्याचा. तो खुद्द फॅनोंनाही पुरता सुटलेला नव्हता, हे त्याला ठाऊक नव्हते. महिनोन्‌महिने झगडून तो परीक्षेच्या अभ्यासाला बसणार, एवढ्यात युक्ती सुचली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. शिक्षकाच्या नात्याने मला ही गोष्ट फार आवडते. प्रश्न अवघड आहे हे आपण मुलांना आधीच सांगून टाकतो, तेथेच आपले चुकते की काय, असे मनात येते.

दुसरी युक्ती इस्रायलमधील हैफाच्या अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या दोघांची, १९७७ ची. तीही आमच्या रुमालात आहेच. जुन्या कागदांत पहिल्या ओळीत गावाचे नाव एकदा येते. पुढे प्रत्येक ठिकाणी नुसते ‘मौजे मजकूर’. साल एकदा, पुढे ‘साल मजकूर’. मजकूर म्हणजे मागे सांगितलेले. लेंपेल-झिव्हांचे यंत्र हेच करते: जी अक्षरे मागे येऊन गेली ती पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि इतकी अक्षरे उचल’ एवढेच लिहून ठेवते. मराठीचा तर यात फायदाच आहे. आमच्या प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट जवळजवळ तेच ते असतात, त्यामुळे मराठी मजकूर या चरकातून चांगलाच आकसून निघतो. माझी कादंबरी घालून पाहिली, चौथाईच्या आसपास आली. (टीकाकारांनी तिला पाल्हाळिक म्हटले होते, त्याचाही हा पुरावा मानता येईल.) छायाचित्रे मात्र आकसत नाहीत. ती फोनमध्येच एकदा चेपलेली असतात. पिळलेले धोतर पुन्हा पिळून पाणी निघत नाही, तसे.

आता या गोष्टीतले भांडण. कोणी एक युक्ती काढतो आणि तिच्यावर हक्क सांगतो, ही जगाची रीत. लेंपेल-झिव्हांच्याच वाटेने पुढे गेलेली टेरी वेल्च यांची १९८४ ची पद्धत युनिक्सवर सर्रास चालू झाली, आणि मग कळले की तिच्यावर पेटंट आहे. म्हणजे गाठ मारावयाची तर मालकाला विचारा! मोकळी प्रणाली उभी करू पाहणाऱ्या लोकांना हे परवडणारे नव्हते. तेव्हा फ्रान्सचे झां-लू गेली आणि अमेरिकेचे मार्क अ‍ॅडलर यांनी पेटंट नसलेल्या दोन जुन्या युक्त्या, हफमनची आणि १९७७ ची, एकत्र करून ‘जीझिप’ लिहिला आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी लोकांना देऊन टाकला. टारने बांधावे, जीझिपने चेपावे, हा संसार तेव्हापासून सुखाने चालला आहे.

ही दोन युक्त्यांची मिसळण मुळात फिल कॅट्झची. मिलवॉकीचा हा तरुण. दुसऱ्या एका कंपनीच्या ‘आर्क’ नावाच्या गाठोड्याशी जुळणारा, पण त्याहून चपळ प्रोग्रॅम त्याने लिहिला. कंपनीने १९८८ साली त्याला कोर्टात खेचले. कॅट्झने तडजोड केली, पैसे भरले, आणि १९८९ साली अगदी नवी पद्धत काढली, तीच झिप. पुढे त्याने जे केले त्यासाठी मी त्याला मानतो: गाठ कशी मारली आहे ते सविस्तर लिहून सर्वांसाठी खुले केले. आर्क आज कोणाला आठवत नाही. झिप खेड्यातल्या ई-सेवा केंद्रातही आहे. कॅट्झ स्वतः मात्र दारूपायी खंगत गेला आणि २००० सालच्या एप्रिलमध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मिलवॉकीतल्याच एका हॉटेलच्या खोलीत एकटा मरून पडलेला सापडला. कादंबरीकाराला असली माणसे सोडवत नाहीत, असो.

१९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रणालीची वर्दी जगाला दिली, ती लिनक्स. तिच्यावर गाठोडे सोडावयाचे तर काळ्या पडद्यावर टारचा आदेश आणि त्यापुढे तीन-चार अक्षरांचा मंत्र टंकावा लागे. मंत्रातले एक अक्षर चुकले की सोडण्याऐवजी बांधले जावयाचे, आणि जुने गाठोडे पुसले जावयाचे! संसारी माणसाने असल्या वाटेस का जावे? मग १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम असे चित्रमय मंच निघाले. ग्नोमवर फाइली दाखविणारा ‘नॉटिलस’ हा प्रोग्रॅम ईझेल नावाच्या कंपनीने लिहिला. मॅकिन्टॉश घडविणाऱ्यांपैकी अँडी हर्ट्झफेल्ड तेथे होते. २००१ च्या मार्चमध्ये नॉटिलसची पहिली पक्की आवृत्ती निघाली, आणि दोनच महिन्यांत कंपनीचे दिवे मालवले. पण प्रोग्रॅमची घडण खुली असल्याने तो दुसऱ्यांनी उचलला आणि आजतागायत चालविला. त्याच सुमारास इटलीच्या पाओलो बाकिलेगा यांनी ‘फाइल रोलर’ हा गाठोडी उघडणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि उजव्या बटणाच्या यादीत बांधण्या-सोडण्याच्या ओळी दिसू लागल्या. २०१६ पासून तर ग्नोमच्या फाइल-प्रोग्रॅममध्येच ती सोय अंगची आली.

मराठीत हे कधी आले? २००० च्या सुमारास इंडलिनक्स या नावाने काही मंडळींनी लिनक्स भारतीय भाषांत आणावयाचे काम आरंभिले. पुढे रेड हॅटच्या पुण्याच्या कचेरीतून मराठीचे पुष्कळ भाषांतर झाले. २००७ साली सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली काढली, तीतही मराठी आहे. ही कामे करणाऱ्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. यादीतल्या एकेका शब्दावर ते किती घोटाळले असतील याची मला कल्पना येते. ‘संकुचित करा’ म्हणावे तर माणसाच्या मनाबद्दल बोलल्यासारखे होते, आणि इंग्रजी शब्द तसाच ठेवावा तर भाषांतर कशाला केले म्हणतात.

माझ्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. त्याच्यापाशी मी गाऱ्हाणे केले की, मला यादीत आणखी एक ओळ हवी आहे. फाइलींची नावे एका कागदावर उतरून तो कागद गाठोड्यातच ठेवील, आणि मग टारने बांधील, अशी. रुमालात वरच्या अंगाला चिठ्ठी असते ना, तशी. नावे बिघडली तरी चिठ्ठी वाचता आली पाहिजे. मला वाटले होते, तो हसेल, म्हणेल की हे कंपनीला कळवावे लागेल. तो म्हणाला, “सर, मग लिहू या की.”

त्याने माझ्या घरच्या फोल्डरात, नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे एरवी न दिसणारे एक फोल्डर उघडले. त्याच्या आत दुसरे, त्याच्या आत नॉटिलसचे, आणि त्यात एक रिकामी जागा. तेथे तीन ओळींची एक साधी मजकुराची फाइल ठेवली. पहिली ओळ, हे वाचावयाचे कोणी. दुसरी, निवडलेल्या फाइलींची नावे चिठ्ठीत उतरव. तिसरी, चिठ्ठीसकट सारे टारने बांध आणि जीझिपने चेप. मग फाइलीला ‘चालविण्याची परवानगी’ दिली, आणि मला म्हणाला, “हिला जे नाव द्याल तेच यादीत दिसेल.” मी टंकले: ‘रुमाल बांधा’. उजवे बटण दाबले. यादी उघडली, तीत ‘स्क्रिप्ट्स’च्या पोटात माझे दोन शब्द होते.

एवढ्याशा गोष्टीचे कौतुक ते काय, असे कोणी म्हणेल. मला दहा पुस्तके छापून आल्याचा आनंद झाला, हे खोटे कशाला सांगू? केडीईवर हेच काम निराळ्या छोट्या फाइलीने होते, आणि तीत मराठीपुरते वेगळे नाव देण्याची ओळही असते; हलक्या यंत्रांवरच्या थुनारमध्ये तर चौकट भरली की भागते. ज्यांना तयार हवे त्यांच्यासाठी जॉर्जिओ तानी यांचा ‘पीझिप’ आहे. (हेही इटलीचेच! गाठोड्यांचा आणि त्या देशाचा काय ऋणानुबंध आहे न कळे.) तो यादीत घालण्याच्या तयार फाइली बरोबरच देतो, त्या योग्य जागी नेऊन ठेवावयाच्या, की झाले.

रुमाल बांधला आणि इंदूरला धाडला. आतेबंधूंचा संगणक विंडोजवाला. पण २०२३ पासून त्यालाही टारची गाठ आपसूक सोडता येते. नावे जशीच्या तशी उतरली, चिठ्ठी जुळली, ऐंशीच्या ऐंशी कागद पोचले. दिवाळीनंतर त्यांनी एकेक पत्र उकलून वाचून कळविले. बरेचसे देण्याघेण्याचे. एक पत्र मात्र आमच्या पणजोबांच्या बहिणीविषयी निघाले. ती बालविधवा होऊन नाशकास माहेरी आली, एवढेच घरात माहीत. तिचे नावसुद्धा आता कोणी सांगू शकत नाही. पत्र तिच्या सासरकडून आलेले. सगळे लागले, आतेबंधू म्हणाले, फक्त एका ओळीपाशी अडले. “‘तिची व्यवस्था मागील पत्री लिहिल्याप्रमाणे करावी,’ असे आहे. मागील पत्र पाठवलेस का तू?”

मी चिठ्ठी पाहिली. मूळ रुमाल सोडून एकेक कागद पुन्हा उलटला. मागील पत्र त्यात नाही.

माळ्यावर आढ्याला लागून एक पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली कोणापाशी नाही, म्हणून दरवर्षी ती राहून जाते. यंदा लक्ष्मीपूजनाच्या आधी तिला खाली उतरवावयाची, असे ठरविले आहे. किल्लीवाल्याला निरोप धाडला आहे.